धावणाऱ्याने वल्हं का धरावं

(पुण्यात धावणाऱ्यांच्या एका ग्रुपसमोर, रविवारच्या लाँग रननंतर केलेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

ज्यांचे पोहे व्हायचेत त्यांनी खात खात ऐका, मला काही प्रॉब्लेम नाही. आधी जरा हात वर करा, कॉम्रेड्स कोणी कोणी केलीये? चार, पाच... मागे काका पण, भारी. म्हणजे पीटरमॅरित्झबर्ग ते डर्बन हा रस्ता तुम्हाला पायांनी पाठ आहे, नव्वदेक किलोमीटर, एक वर्ष चढ एक वर्ष उतार, १९२१ पासून चालू आहे. पण त्याच दोन शहरांच्या मध्ये अजून एक रेस होते जी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते, कारण ती रस्त्याने जात नाही, नदीने जाते. डुसी कनू मॅरेथॉन. साधारण १२० किलोमीटर, तीन दिवस.

१९५१ साली ही पहिल्यांदा झाली तेव्हा आठ जण निघाले आणि पोचला एकच, इयान प्लेअर, आणि तोही सहा दिवसांच्या वर घेऊन, वाटेत साप चावला तरी. हा पुढे पांढऱ्या गेंड्यांना वाचवण्याच्या कामासाठी जगभर ओळखला गेला, आणि गोल्फवाला गॅरी प्लेअर याचा धाकटा भाऊ, असं एकेक घर असतं. आज जिंकणारे तेच अंतर तीन दिवसांचं मिळून आठेक तासांत मारतात.

आता मी हे तुम्हाला का सांगतोय, तर डुसीत नुसतं वल्हवून भागत नाही. नदीत दगड आहेत, वळणं आहेत, काही पट्टे असे आहेत की पाण्यातून जाण्यापेक्षा टेकडी ओलांडलेली बरी, मग लोक बोट खांद्यावर घेतात आणि पळतात. चक्क पळतात, किलोमीटरच्या किलोमीटर, चढावर. दोघांची बोट असेल तर एक पुढे एक मागे, पालखीच्या भोयांसारखे. ग्रॅम पोप-एलिस नावाचा माणूस ही रेस १५ वेळा जिंकला, आणि तिथे जिंकायचं तर दोन्ही यावं लागतं, नुसता पाण्यातला माणूस टेकडीवर मार खातो आणि नुसता धावणारा पाण्यात. न्यूझीलंडमध्ये पण आहे तसं, कोस्ट टू कोस्ट, १९८३ पासून, या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर २४३ किलोमीटर, सायकल आणि डोंगरातलं धावणं आणि मध्ये जवळपास ७० किलोमीटर कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची हलकी बोट. म्हणजे धावणं आणि वल्हवणं एकाच अंगात बसवणारी माणसं जगात ढिगाने आहेत, आपणच पावसाळ्यात गुडघा दुखला की चार आठवडे सोफ्यावर बसतो.

मी पण बसलो होतो, लांबचं कशाला. मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्याचं मायलेज पन्नासवरून तीन आठवड्यांत पंच्याऐंशीवर नेलं, कोणी सांगितलं नव्हतं, हौस. नडगीत बारीक फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे धावायचं नाही, मी म्हटलं सायकल, ते म्हणाले चालेल, पण मला सायकलचा मनापासून कंटाळा आहे, इथे सायकलवाले बसलेत त्यांनी माफ करा. तेव्हा एक कॉलेजातला मित्र, जो बोट क्लबवर वाढला, तो म्हणाला चल धरणाच्या बॅकवॉटरला, कयाकमध्ये बसवतो. मी म्हटलं हातांचा व्यायाम करून मी काय करू, मला पाय पाहिजेत. तो फक्त हसला. आणि दहाव्या मिनिटाला मी पाण्यात होतो.

हा जो गैरसमज आहे ना, हातांचा व्यायाम, तो आधी काढू. कयाकमध्ये हातांनी ओढणारा माणूस अर्ध्या तासात संपतो, दंड भरून येतात, मनगट धरतं, आणि तो घरी जाऊन सांगतो की हे आपलं काम नाही. खरं काम कमरेच्या वर धड फिरवण्याचं आहे. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं, पूर्ण बुडवायचं, आणि मग हात जवळपास सरळ ठेवून धड वळवायचं, आणि त्याच बाजूचा पाय समोरच्या फूटरेस्टवर दाबायचा. उजवीकडे वल्हं, उजवा पाय. कंबरेपाशी आलं की पातं बाहेर, त्याच्या मागे ओढत बसलात तर नुसतं पाणी वर उचलता. मनात असं धरा की पातं पाण्यात रोवलेला खुंटा आहे आणि तुम्ही बोटीला त्या खुंट्यापर्यंत नेताय. वल्ह्याची पकड किती, तर हातात चिमणी धरल्यासारखी. नवीन माणूस ते लोकलच्या दांड्यासारखं धरतो.

आणि इथे धावणाऱ्यांची एक खास गोची होते. आपल्या मांडीच्या मागच्या शिरा, हॅमस्ट्रिंग, आखडलेल्या असतात. कयाकमध्ये पाय समोर पसरून ताठ बसायचं असतं, आणि आपण बसलो की कंबर मागे कलंडते, पाठीचा कुबड होतो, मग धड फिरतच नाही. पहिले दोन आठवडे मला हाच त्रास. रोज संध्याकाळी जमिनीवर पाय पसरून बसायचो, जेवायला सुद्धा, आई म्हणायची हे काय नवीन. पण त्याने फरक पडला, आणि धावण्यातही पडला.

आता रोइंगवाले. दोन्हीत गोंधळ नको. रोइंगमध्ये वल्हं बोटीला अडकवलेलं असतं, तुम्ही पाठ करून पुढे जाता, आणि सीट सरकते त्यामुळे मांड्यांचा जोर सगळ्यात जास्त लागतो. कयाकमध्ये वल्हं, म्हणजे पॅडल, मोकळं, तुमच्या हातात, आणि तोंड पुढे. आपला दत्तू भोकनळ रोइंगचा. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावचा मुलगा, २०१२ मध्ये सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा बोटीत बसला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या रेसमध्ये, तेरावा आला, मग २०१८ च्या एशियाडला चौघांच्या बोटीत गोल्ड. चार वर्षांत शून्यापासून ऑलिंपिक. अर्थात तो दत्तू आहे, आपण आपण. पण पाण्याजवळ जन्म झाला पाहिजे असं काही नाही एवढं तरी त्यावरून कळतं. जिमला जाणाऱ्यांनी रोइंग मशीन वापरा, पायांना तेच बरं. मी बोलतोय ते उघड्या पाण्याबद्दल.

बरं, फायदा नक्की कशाचा होतो? सहनशक्तीचे ढोबळ दोन भाग करा. एक आत मध्यभागी, हृदय किती रक्त फेकतं, रक्त किती आहे. दुसरा कडेला, म्हणजे ज्या स्नायूने काम करायचं त्यातल्या केशवाहिन्या, पेशींमधला ऊर्जेचा कारखाना. हृदयाला माहीत नसतं की तुम्ही पळताय की वल्हवताय, तास भरले की त्याचा फायदा होतो. पण पोटरी मात्र पोटरीच्या कामानेच तयार होते. म्हणून वल्हवून पहिला भाग टिकतो, थोडा वाढतो पण, दुसरा पायात येत नाही. हे मी पुस्तकी सांगत नाहीये, भोगलंय. सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस कयाक केली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, आणि मी पहिल्याच दिवशी बारा किलोमीटर पळालो कारण दम लागतच नव्हता! मस्त वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पोटरी अशी धरली की जिना उतरता येईना. बैल ताजे होते, गाडीचा आस कच्चा होता. नंतर दहा दिवस परत बोटीतच. तेव्हा दुखापतीवरून येताना दम बघून अंतर ठरवू नका, दम तुम्हाला फसवणार, कारण तो वल्ह्याने राखलाय.

दुसरी गोष्ट, धावताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात जात ब्रेक मारतो, दुसऱ्या दिवशी दुखतं ते त्यामुळे. वल्हवण्यात तसा ब्रेक जवळपास नाहीच. म्हणून दीड तास बोटीत घाम काढून दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सोपं रनिंग करू शकता, हा मोठा फायदा. पण याचीच दुसरी बाजू बघा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन कोणकोण करतं? सगळेच. यवतेश्वरचा घाट चढताना कयाकचा दम कामाला येतो, पण परत उतरताना जी मांडी फुटते ना, तिला कयाकने काहीही मिळालेलं नसतं. उतार हा उतारावरच शिकायचा. तेच हाडांचं, हाडाला आदळआपट लागते, नुसतं पाण्यात राहून ते मजबूत होत नाही. त्यामुळे मी कोणालाही धावणं सोडून वल्हव म्हणत नाही. जे तास तुमचे पाय सोसू शकत नाहीत ते तास पाण्यात घाला, एवढंच म्हणतो. आठवड्याला तुमचे पाय पाच तास सोसतात आणि तुम्हाला सात पाहिजेत, तर वरचे दोन बोटीत.

मग घड्याळवाले विचारतात, पल्स किती ठेवू. धावण्याचे पल्सचे झोन, म्हणजे सोपं-जोराचं ठरवायचे टप्पे, तसेच्या तसे बोटीत लावू नका. स्नायू छोटे, बसलेलं अंग, त्यामुळे कमाल पल्सही धावण्याएवढी चढत नाही आणि त्याच पल्सला दंडात लॅक्टिक अ‍ॅसिड जास्त साठतं. मला धावताना १४० ला गप्पा मारता येतात, बोटीत त्याच गप्पा १२५-१३० ला. म्हणून गप्पांवर जा. आणि किलोमीटर मोजूच नका प्लीज, मिनिटं मोजा. याला कारण आहे. धावताना वेग दहा टक्के वाढवला तर मेहनतही साधारण तेवढ्याच पटीत वाढते. पाण्यात ताकद वेगाच्या घनाच्या जवळपास वाढते, दहा टक्के वेग हवा तर एक तृतीयांश जास्त जोर. वारा समोरून आला की आकडा अजून बिघडतो. आपण सगळे स्ट्रावाचे, त्या धावणं नोंदवणाऱ्या अ‍ॅपचे रोगी, बोटीतही पेस बघतो आणि सोप्या दिवसाची रेस करून टाकतो. मी घड्याळ लाइफ जॅकेटच्या खिशात टाकतो, सरळ.

हो ताई, विचारा. (प्रश्न : पोहता येत नाही, चालेल का?) नाही. म्हणजे लाइफ जॅकेट असलं तरी नाही, आधी थोडं पोहायला शिका, पाण्यात पडल्यावर घाबरायचं नाही एवढं तरी. आणि पहिला धडा वल्हवण्याचा नसतो, उलटण्याचा असतो. किनाऱ्याजवळ, कोणीतरी सोबत असताना, मुद्दाम उलटायचं, बाहेर यायचं, बोट सोडायची नाही, परत चढायचं. सुरुवातीला वर बसायची, रुंद, सिट-ऑन-टॉप घ्या, तारकर्लीला पर्यटकांना देतात तसली. अरुंद रेसिंग बोट ही गाढवासारखी असते, पाठीवर बसू देत नाही. ज्यांना तोल अजिबातच जमत नाही त्यांच्यासाठी बाजूला दांड्याला लाकूड बांधलेल्या बोटी असतात, हवाईवाले त्यात समुद्र पार करतात, आपल्या कोकणात त्या आडव्या लाकडाला उलांडी म्हणतात, आपल्याला काही नवीन नाही ते.

आणि बंधारे. हे मी जरा सावकाश सांगतो. आपल्या नद्यांवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, केटी वेअर. वरून बघितलं तर दोन-चार फुटांचा धबधबा, पोरं उड्या मारतात. पण पाणी वाढलेलं असताना बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी खाली जाऊन उलटं फिरतं, परत बंधाऱ्याकडे, आणि त्यात सापडलेली बोट आणि माणूस तिथल्या तिथे गरगरत राहतो, लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी. बरगे, म्हणजे मोऱ्या बंद करायच्या फळ्या, काढलेले असले तर मोऱ्यांमधून पाणी आत ओढतं, ते अजून वाईट. त्यामुळे ज्या पट्ट्यात पुढे बंधारा आहे तिथे आपलं वळायचं ठिकाण खूप आधी ठरवून ठेवायचं. पावसाळ्यात, धरणातून विसर्ग चालू असताना नदीत जायचंच नाही, बॅकवॉटरला पण वारा बघून. शहरातल्या नदीचं तर काय बोलायचं, जलपर्णी एवढी की बोट अडकून उभी राहते, आणि तळहाताला फोड फुटलेले असताना त्या पाण्यात हात घालायचा नाही.

अजून कोणी? (प्रश्न : आठवड्यात कुठल्या दिवशी बसवायचं?) माझं असं, मंगळवारी ट्रॅक, बुधवारी सकाळी बोट, तासभर, अगदी सोपं. गुरुवारी रन. रविवारी लाँग रन आणि सोमवारी सुट्टी. शनिवारी कधी कधी दीड-दोन तास बोट, पण रेसच्या आधीच्या तीन आठवड्यांत शनिवारची बोट बंद, कारण खांदे जड झाले की रविवारी हात नीट हलत नाहीत, धावताना ते लगेच जाणवतं. बोटीत जोराचे इंटरव्हल करायचे की नाही, तर पहिले दोन महिने नको, तंत्र बसल्याशिवाय जोर लावला की आधी मनगटाचे आणि कोपराचे स्नायुबंध धरतात. नंतर तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं सहा वेळा पुरतं.

ऊन विसरू नका. पाण्यावरून परत येतं, हनुवटीच्या खालून भाजतं, टोपी तिथे काही करत नाही. पाणी सोबत घ्या, लोकांना वाटतं पाण्यातच आहोत तर तहान कशाला. बाटली बोटीला दोरीने बांधा, माझ्या तीन बाटल्या धरणाच्या तळाशी आहेत.

पुढच्या शनिवारी चौघांना नेता येईल, दोनच बोटी आहेत माझ्याकडे आणि आळीपाळीने बसायचं. पहाटे साडेपाचला निघू, नऊला वारा सुटतो त्याच्या आत परत. जुने शूज आणा, जे भिजले तरी चालतील, आणि एक कोरडा टी-शर्ट. काका, तुम्ही येताय ना?