वॉशबोर्ड, चहाचं खोकं आणि शेवटची बस

[दृश्य : लिव्हरपूलचं वूल्टन उपनगर. सेंट पीटर चर्चचा लालसर दगडी मनोरा. कॅमेरा सावकाश खाली.]

हा दगड इथलाच. वूल्टनला वालुकाश्माची खाण होती. जवळच्या मुलांच्या शाळेचं नाव क्वॉरी बँक, म्हणजे खाणीकाठची शाळा. शाळेच्या गीतात खाणकामगारांचा उल्लेख यायचा, आणि 1956 च्या सुमारास तिथल्या काही उनाड पोरांनी तोच शब्द उचलून आपल्या बँडला लावला. द क्वॉरीमेन. शाळेच्या गीतातला शब्द आपल्या गाण्याबजावण्याला द्यायचा, यात भक्ती किती आणि टवाळी किती, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

या बँडमधले तिघे, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन, पुढे बीटल्स झाले. ती गोष्ट शंभर वेळा सांगून झाली आहे. आपण बाकीच्यांकडे बघू. जे गळाले, ज्यांना काढलं, जे आजारी पडले, आणि ज्यांची बस चुकली असती.

[दृश्य : टेबलावर लाकडी चौकटीत बसवलेला पन्हळी पत्रा. बोटांत अंगुस्तानं. खर्रर्र असा आवाज.]

हा वॉशबोर्ड. कपडे घासायचा पत्रा. शिवणकामाची अंगुस्तानं बोटांत घालून त्यावर ताल धरायचा. शेजारी प्लायवूडचं खोकं दिसतंय, तेही वाद्यच. हिंदुस्थानातला आणि सिलोनचा चहा अशा खोक्यांतून इंग्लंडच्या बंदरांत उतरायचा. खोकं पालथं घालायचं, त्याला झाडूची दांडी लावायची, दांडीपासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणायची. दांडी मागे ओढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. झाला बास, म्हणजे खालच्या सुरांचं तंतुवाद्य.

या प्रकाराला स्किफल म्हणत. लॉनी डॉनेगन नावाच्या गायकाची तबकडी 1956 च्या सुरुवातीला गाजली आणि ब्रिटनभर पोरांनी घरातली पत्रे-खोकी बाहेर काढली. यात संगीत यावंच लागतं असं नव्हतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. वॉशबोर्डवर बसलेला पीट शॉटन हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. त्याची पात्रता एकच, तो बँडचा म्होरक्या जॉन लेननचा जिवलग दोस्त होता.

जॉन आणि एरिक ग्रिफिथ्स गिटारवर. रॉड डेव्हिस बँजोवर. खोक्यावर आज हा, उद्या तो, असं करत शेवटी लेन गॅरी. ड्रमवर कॉलिन हँटन. कॉलिन शाळेतला नव्हता. तो सोफे-खुर्च्यांच्या गाद्या भरायचं काम शिकत होता, म्हणजे त्याला पगार होता, म्हणून तर हप्त्यावर ड्रमसेट घेता आला. बँडमध्ये जागा मिळायला तेवढं पुरेसं होतं. अठरा वर्षांचा असूनही तो इतका लहान दिसायचा, की पबमध्ये बिअर मिळावी म्हणून खिशात जन्मदाखला घेऊन फिरायचा.

[दृश्य : जुना कृष्णधवल फोटो. रस्त्यात उभा कोळशाचा ट्रक, त्यावर मुलं, भोवती गर्दी.]

22 जून 1957. रोझबेरी स्ट्रीट. किंग जॉनने लिव्हरपूलला दिलेल्या सनदेला 750 वर्षं झाली म्हणून शहरात गल्लोगल्ली जल्लोष चालला होता. ट्रकचा मागचा फळा पाडला की स्टेज तयार. गणपतीत आपल्या गल्लीत जे होतं तेच. दोन आठवड्यांनी, 6 जुलैला, पुन्हा ट्रक. या खेपेला सेंट पीटर चर्चची जत्रा. दुपारी मिरवणूक, मग चर्चच्या मागच्या मैदानात वादन, आणि संध्याकाळी समोरच्या हॉलमध्ये नाच.

त्या संध्याकाळी एका तरुणाने ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर आणला होता. क्वॉरीमेनची थोडी गाणी त्यात टिपली गेली. 1994 मध्ये ती टेप सदबीजच्या लिलावात 78,500 पौंडांना विकली गेली. आवाज खरखरीत, गायक सोळा वर्षांचा.

जत्रेच्या त्याच दिवशी जॉनचा दोस्त आयव्हन वॉन आपल्या एका वर्गमित्राला जॉनला भेटवायला घेऊन आला. हा पॉल मॅकार्टनी. त्याने जॉनची गिटार हातात घेतली आणि आधी ती नीट सुरात लावली, कारण जॉन त्याच्या आईने शिकवलेल्या बँजोच्या पद्धतीने गिटार लावून वाजवत होता. मग पॉलने एडी कॉक्रन या अमेरिकन रॉक अँड रोल गायकाचं एक अख्खं गाणं म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. जॉनला आपल्याच गाण्यांचे शब्द धड आठवत नसत, जिथे अडेल तिथे तो मनचं घुसडायचा. याला घेतला तर आपलं वर्चस्व जाणार, नाही घेतला तर बँड तसाच राहणार. शेवटी घेतला. निरोप द्यायला पाठवला कोणाला? पीट शॉटनला. ज्याला स्वतःलाच लवकर बाहेर पडायचं होतं त्याला.

त्यानंतर फड फुटायला लागला. भांडण असं नव्हतं. गाणी बदलली, एवढंच. स्किफल मागे पडलं, रॉक अँड रोल पुढे आलं, आणि एकेका वाद्याला काम उरेना.

पहिला गेला बँजो. रॉडला लोकसंगीत आवडायचं, एल्व्हिसच्या गाण्यात बँजो कुठे वाजवायचा? तो अभ्यासाला लागला आणि पुढे केंब्रिजला गेला. मग वॉशबोर्ड. एका पार्टीत जॉनने तो पत्रा पीटच्या डोक्यात घातला. चौकट फुटून गळ्यात अडकली. दोघंही हसत सुटले आणि पीटचं वादन तिथेच संपलं. मैत्री न तोडता माणसाला बँडमधून काढायची याहून सोपी रीत मला तरी माहीत नाही. पुढे लेन गॅरीला क्षयाचा मेंदूज्वर झाला. कित्येक महिने इस्पितळात. परत येईपर्यंत चहाच्या खोक्याची गरजच संपली होती.

1958 च्या सुरुवातीला बसच्या वरच्या मजल्यावर एका मुलाने गिटारवर एक पूर्ण धून वाजवून दाखवली. जॉर्ज हॅरिसन. वय पंधराच्या आतबाहेर. आता गिटारवाले चार झाले. एरिकला सुचवण्यात आलं, तू इलेक्ट्रिक बास घे. त्याच्याकडे पैसे नव्हते. पुढच्या तालमीला त्याला बोलावलंच नाही. त्याने फोन केला तेव्हा सगळे तिथे जमले होते, आणि बाहेर पडायचं हे सांगायची पाळी कॉलिनवर आली. एरिक मग व्यापारी जहाजावर नोकरीला लागला.

[दृश्य : केन्सिंग्टन रस्त्यावरचं 38 नंबरचं घर.]

या घरात पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थांचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. 12 जुलै 1958 ला पाच पोरं आत शिरली. जॉन, पॉल, जॉर्ज, ड्रमवर कॉलिन आणि पियानोवर जॉन डफ लो. डफ लो पॉलच्या शाळेतला. तो लांब वेस्ट डर्बीला राहायचा, कार्यक्रम रंगात आला की याची शेवटची बस निघायची वेळ व्हायची, आणि पियानो मध्येच थांबायचा.

फी साडेसतरा शिलिंग. पाच जणांत वाटली तर प्रत्येकी बरोबर साडेतीन. एका बाजूला बडी हॉली या अमेरिकन गायकाचं गाणं, दुसऱ्या बाजूला पॉल आणि जॉर्ज यांच्या नावावरचं त्यांचं स्वतःचं. एवढ्या पैशांत तबकडी एकच निघाली. मग ठरलं, आठवडाभर एकाने ठेवायची, मग दुसऱ्याला द्यायची. भिशीसारखं. तीन दिवसांनी, 15 जुलैला, जॉनची आई जूलिया मोटारीखाली सापडून गेली. बँजोवरचे सूर जिने शिकवले ती.

तबकडी फिरत फिरत डफ लोकडे आली आणि तिथेच थांबली. दुसऱ्या कोणी मागितली नाही, त्यानेही दिली नाही. बँडमधून तो बाहेर पडला, बीटल्स आले, फुटले, आणि तबकडी त्याच्या घरात कपड्यांच्या खणात पडून राहिली. 1981 मध्ये, 23 वर्षांनी, त्याने ती पॉल मॅकार्टनीला विकली.

कॉलिनचं जाणं असंच. बस कर्मचाऱ्यांच्या क्लबात कार्यक्रम होता. पहिला भाग चांगला झाला, मध्यंतरात पोरांनी बिअर चढवली आणि दुसऱ्या भागाचं भजं झालं. परत येताना बसमध्येच वादावादी. कॉलिनने घंटी वाजवली, ड्रम उतरवले आणि आपल्या वाटेने गेला. घरी येऊन त्याने ड्रम कपाटावर ठेवून दिले. बोलावायला कोणी आलं नाही, त्याचाही काही निरोप गेला नाही.

ड्रमर नसलेला बँड कोण बोलावणार? कुणी विचारलं तर या पोरांचं उत्तर ठरलेलं असे, ताल गिटारमध्येच आहे!

1959 मधले फेरबदल भराभर सांगतो. मोना बेस्ट या बाईंनी वेस्ट डर्बीतल्या आपल्या घराच्या तळघरात कॅसबा नावाचा कॉफी क्लब काढला. मोना दिल्लीत जन्मलेल्या, त्यांचा मुलगा पीट मद्रासचा. 29 ऑगस्टला क्लब उघडला तो क्वॉरीमेनच्या वादनाने, आणि चौथा गिटारवाला होता केन ब्राऊन. रात्रीचे तीन पौंड, चौघांत पंधरा-पंधरा शिलिंग. ऑक्टोबरमध्ये एका रात्री केन आजारी होता, स्टेजवर चढला नाही, तरी मोनाबाईंनी त्याचे पंधरा शिलिंग त्याला दिले. बाकीचे तिघे रागावून निघून गेले. पंधरा शिलिंगांसाठी. मागच्या वर्षी तबकडीचे पैसे वाटून घेणारी हीच पोरं. पुढे क्वॉरीमेन हे नाव सुटलं, बीटल्स आलं. ऑगस्ट 1960 मध्ये त्यांना जर्मनीतल्या हॅम्बुर्गला वाजवायला जायचं होतं, ड्रमर हवा होता. पीट बेस्टकडे नवा ड्रमसेट होता. पुन्हा तेच, ज्याच्याकडे ड्रम त्याला जागा.

[दृश्य : 1997. त्याच चर्चच्या मैदानावर पांढऱ्या केसांचे पाच जण. गिटारी, ड्रम.]

चाळीस वर्षांनी पीट शॉटन, रॉड डेव्हिस, लेन गॅरी, एरिक ग्रिफिथ्स आणि कॉलिन हँटन. लेन दुखण्यातून उठलेला, एरिक फोनवर निरोप ऐकलेला, कॉलिन मधल्याच थांब्यावर उतरलेला. जत्रेच्या वर्धापनदिनी ते पुन्हा क्वॉरीमेन म्हणून उभे राहिले. बीटल्सची गाणी वाजवणारे बँड जगभर पैशाला पासरी आहेत, चार सारखे कोट घालून चौघांची सही सही नक्कल करतात. हे मात्र जत्रेतलंच वाजवत होते. 1957 चं स्किफल आणि रॉक अँड रोल. आयव्हन वॉन तोवर गेला होता, 1993 मध्ये.

मग वयाने माणसं गळायला लागली. पीट शॉटनने तब्येतीमुळे थांबायचं ठरवलं. एरिक 2005 मध्ये गेला, पीट 2017 मध्ये. अधूनमधून पियानोवर डफ लो असायचा. आता शेवटच्या बसचा प्रश्न नव्हता.

आणि 2016 मध्ये या बँडमध्ये एक नवा बासवाला आला. नवा म्हणजे वय सत्तरीच्या पुढचं. चॅस न्यूबी. डिसेंबर 1960 मध्ये हॅम्बुर्गहून परतलेल्या बीटल्सना बासवाला नव्हता. कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेल्या या पोराने मोजके कार्यक्रम सांभाळले. जॉनने विचारलं, आमच्याबरोबर हॅम्बुर्गला चल. त्याने नाही म्हटलं, अभ्यासाला परत गेला, आणि पुढे गणिताचा मास्तर झाला. अर्धशतक उलटल्यावर तो बासवर आला तो रॉड, लेन आणि कॉलिन यांच्या शेजारी. 2023 मध्ये तो गेला. डफ लो 2024 मध्ये.

[दृश्य : छापील कार्ड, पिवळं पडलेलं. त्यावर चार प्रकार : कंट्री, वेस्टर्न, रॉक अँड रोल, स्किफल. खाली लहान अक्षरांत कार्यक्रम स्वीकारले जातील अशा अर्थाची एक ओळ. पार्श्वभूमीला खरखरीत टेप, सोळा वर्षांच्या पोराचा आवाज.]