नमुना कुठून आला, हे विचारलं कोणी?

मित्रहो,

संशोधनातल्या सचोटीवर बोलायला उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास येतो : "सर, किती टक्क्यांपर्यंत चालतं?" विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी दोष देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले, त्यात टक्केवारीच आहे. दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीसच्या दरम्यान असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम हवेच होते आणि त्यांनी बऱ्याच उघड उचलेगिरीला आळा बसला. पण हे साम्य शोधणारं सॉफ्टवेअर वाक्याशी वाक्य ताडून बघतं. त्या वाक्यात सांगितलेला दगड खरोखर त्या डोंगरातून आला का, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

मी भूशास्त्राचा माणूस, म्हणून माझ्याच शास्त्रातलं उदाहरण घेतो. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता नावाचे पुराजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. साधारण पंचवीस वर्षांत त्यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर तीनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले. काश्मीर, हिमाचल, नेपाळ, भूतान... कुठल्याही भागातल्या जुन्या खडकांवर वाचायला बसा, गुप्तांचा संदर्भ यायचाच. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलंट यांना या जीवाश्मांत काहीतरी खटकत होतं. एप्रिल १९८९ मध्ये त्यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि जगभरच्या भूवैज्ञानिकांना हादरा बसला. गुप्तांनी हिमालयातले म्हणून दाखवलेले काही कोनोडोंट, म्हणजे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म, थेट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराजवळच्या ॲम्सडेल क्रीक या ओढ्याकाठी सापडणाऱ्या कोनोडोंटसारखे होते. त्या ओढ्याचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत आणि जगभरच्या संग्रहांत त्यांचे नमुने आहेत. काही अमोनॉइड, म्हणजे शंखासारखे गुंडाळलेले सागरी जीवाश्म, मोरोक्कोतल्यासारखे होते. मोरोक्कोचे अमोनॉइड युरोपात दुकानात पैसे टाकून विकत मिळतात. शिवाय तेच फोटो वेगवेगळ्या निबंधांत वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावाने छापलेले होते.

कोनोडोंट कसे मिळवतात, ते इथल्या भौतिक-रसायनवाल्यांसाठी सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. हे कण बहुतेक एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे. चुनखडक फोडायचा, सौम्य आम्लात दिवसेंदिवस ठेवून विरघळवायचा, खाली राहिलेला गाळ चाळणीने धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण उचलायचा. शेवटी हातात उरते छोट्या डबीत मावणारी चिमूटभर धूळ. मूळ खडक तर विरघळून गेलेला असतो! आता हा कण कुठल्या डोंगराच्या कुठल्या थरातला, हे ठरतं फक्त डबीवरच्या चिठ्ठीवरून आणि त्या चिठ्ठीवरचा क्रमांक ज्या वहीत आहे, त्या वहीवरून.

म्हणून आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलाला हातोडी धरायला शिकवण्याआधी नमुना बांधायला शिकवतात. दगड फोडला की कापडी पिशवीत. एक चिठ्ठी आत, तोच क्रमांक पिशवीवर बाहेरून. वहीत तारीख, टोपोशीटचा, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशाचा, क्रमांक, अक्षांश-रेखांश, थराची जाडी, वर काय, खाली काय, आणि हाताने काढलेलं चित्र. पेन्सिलने, कारण पावसात शाई पसरते. चुकलं तर खोडरबर नाही. एक रेघ मारायची, वाचता येईल अशी, आणि बाजूला दुरुस्ती. अजिंठ्याला लेण्यांपाशी विक्रेते झिओलाइटचे सुंदर स्फटिक विकायला बसतात, तुम्ही पाहिले असतील. मोसंबीएवढा पोकळ गोळा, आत पांढरेशुभ्र सुयांसारखे स्फटिक. माझ्या टेबलावरही एक आहे. दिसायला संग्रहालयातल्या नमुन्याला हार जाणार नाही, पण कुठल्या खाणीतून, कुठल्या लाव्हाथरातून निघाला हे माहीत नाही, त्यामुळे त्यावर एक ओळही लिहिता येत नाही.

गुप्तांच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते त्यांचे सहलेखक. शंभराहून अधिक होते, देशातले आणि परदेशातले, त्यातले कितीतरी आपापल्या विषयातले दिग्गज. त्यांनी लबाडी केली नाही. डबी आली, ठिकाण सांगितलं गेलं, त्यांनी जातीप्रजाती ओळखल्या, अगदी बरोबर ओळखल्या, आणि निबंधावर नाव आलं. ती जागा पाहायला गेलो होतो, असं म्हणू शकणारा क्वचितच. वही दाखवा, असंही कुणी म्हटलं नाही. इतक्या मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं, ही भीड आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. आपल्या देशात गुरुजनांचा मान राखतात आणि तो राखावाच. पण "सर, मूळ नोंद बघू का?" हा प्रश्न अपमान आहे, ही समजूत आपल्याला मोडावी लागेल. ती मोडायचं काम विद्यार्थ्याचं नाही, सरांचं आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत यान हेन्ड्रिक श्योन नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता. २००१ साली तो सरासरी दर आठ दिवसांना एका निबंधाचा लेखक होता. २००२ मध्ये पॉल मॅक्युएन आणि लिडिया सोन या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की त्याच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नॉइज, म्हणजे मोजणीतली बारीक थरथर, तंतोतंत एकच आहे. रीडिंग दोनदा सारखं येऊ शकतं, त्यातली थरथर कधीच नाही. चौकशी समितीने मूळ डेटा मागितला, तर प्रयोगाची वही नाही, संगणकावरच्या फायली पुसलेल्या, नमुने खराब झालेले. चोवीस आरोपांपैकी सोळा सिद्ध झाले. सहलेखक निर्दोष ठरले, पण ज्येष्ठ सहलेखकाने आपली जबाबदारी पुरेशी निभावली का, हा प्रश्न माल्कम बीझली यांच्या त्या समितीने अहवालात स्पष्ट मांडला आणि याचं उत्तर देणारे नियम अजून वैज्ञानिक समाजाकडे नाहीत, असं कबूल केलं. त्या अहवालाला वीस वर्षं उलटून गेली. आपल्याकडे ते नियम अजूनही नाहीत, आणि निबंधावर गाइडचं नाव मात्र आपोआप येतं.

वही असली की काय होतं, त्याचंही उदाहरण देतो. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ च्या निबंधात त्यांनी लिहिलं, की हे ५८ थेंब निवडलेले नाहीत, सलग साठ दिवसांत जेवढे मोजले तेवढे सगळे दिले आहेत. पुढे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी मिलिकन यांच्या वह्या उघडल्या, तर त्यात ५८ हून बरेच अधिक थेंब निघाले. काही नोंदींच्या कडेला 'फार सुंदर, हे छापायचंच' अशा अर्थाचे शेरे! वगळण्यामागे रास्त कारणं होती का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. माझं मत विचाराल तर थेंब वगळणं समजून घेता येतं, 'सगळे दिले' हे वाक्य नाही. पण हा वाद आपण घालू शकतो, तो मिलिकन यांनी नावडती पानं फाडली नाहीत म्हणून. श्योनच्या बाबतीत वाद घालायला काही शिल्लकच नव्हतं.

आता दबावाबद्दल. बढतीसाठी निबंधांचे गुण मोजायला लागल्यापासून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिकं तपासली, तर ८८ टक्के निकृष्ट निघाली. २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ नावं यादीतून काढली. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही २०२२ च्या नियमांत गेली. मुलाखतीत मात्र आजही "पेपर किती?" हाच प्रश्न आधी येतो. एखादा तरी निबंध वाचून त्यावर प्रश्न विचारा, एवढं निवड समितीवर बसणाऱ्यांना कळकळीने सांगतो.

गुप्तांना पुढे काय झालं? विद्यापीठाने निलंबित केलं, निवृत्त न्यायमूर्तींकरवी चौकशी केली, आरोप सिद्ध झाले. नोकरी मात्र गेली नाही. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. याचा मला आजही राग येतो. हिमालयाच्या थरांवर प्रामाणिकपणे राबलेल्या कितीतरी लोकांना आपल्या नकाशातलं खडकांचं कुठलं वय या निबंधांवर उभं आहे, हे शोधत बसावं लागलं.

एक गैरसमजही दूर करतो. हे प्रकरण परदेशी माणसाने बाहेर काढलं, आपले सगळे गप्प होते, असं सांगितलं जातं. 'नेचर'च्या आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, टॅलंट यांनी जर्मनीतल्या एका शोधपत्रिकेत सविस्तर तांत्रिक निबंध दिला होता. त्याच्या लेखकांत गोयल आणि जैन हे दोन भारतीय भूवैज्ञानिक होते. गुप्तांच्याच विभागातले अरुण अहलुवालिया यांनी जाहीर भूमिका घेतली. आपल्याच कॉरिडॉरमधल्या माणसाविरुद्ध बोलायला काय लागतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९८८ च्या त्या निबंधाची रीतही शिकण्यासारखी आहे. व्यक्तीबद्दल शेरेबाजी नाही. हा जीवाश्म, हे सांगितलेलं ठिकाण, इथे ही विसंगती, असं एकेक करून मांडलेलं. तुम्हाला कधी शंका आली, तर आधी लेखकाला पत्र लिहून मूळ डेटा मागा, पत्राची प्रत ठेवा, आणि फक्त जे दाखवता येईल तेवढंच लिहा.

या विभागापुढे माझा एक प्रस्ताव आहे. प्रबंधासोबत वह्या आणि नमुने विभागात जमा करून घ्या. त्यासाठी एक कोरडी खोली आणि चार लोखंडी रॅक पुरतात. तोंडी परीक्षेत बहिस्थ परीक्षकाने प्रबंधातल्या तक्त्यांमधले कोणतेही तीन आकडे निवडावेत आणि विद्यार्थ्याने, शेजारी गाइडला बसवून, त्या आकड्यांची वहीतली पानं उघडून दाखवावीत. पान सापडलं नाही तर तो आकडा प्रबंधातून काढावा. प्रबंध त्यामुळे लहान झाला, तरी उरलेला भाग नीट असेल तर तो स्वीकारावा. यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको, विभागाच्या पुढच्या बैठकीत ठराव करता येईल.