दोनदा भेटलेली मावशी

श्रोतेहो, नमस्कार.

जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ नाटक मी पहिल्यांदा पाहिलं ते दादरच्या शिवाजी मंदिरात, बाल्कनीच्या अगदी मागच्या रांगेतून. कॉलेजचे दिवस होते, परवडायचं ते तिकीट तिथलंच. तिथून रंगमंचावरची माणसं वीतभर दिसत. त्या वीतभर माणसांमध्ये एक मावशी होती. लाल आलवण, केशवपन झालेल्या डोईवरून घेतलेला पदर. तिचा चेहरा मला दिसत नव्हता म्हटलं तरी चालेल. पण ती उठायची कशी, चालता चालता थांबायची कशी, समोरच्याचं बोलणं पटलं नाही की मान कशी वळवायची, एवढ्यावरून मला तिचं सगळं आयुष्य कळत होतं. त्या मावशीच्या भूमिकेत विजया मेहता होत्या. नाटकही त्यांनीच बसवलेलं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी तीच मावशी मला पुन्हा भेटली, आमच्या घरातल्या टीव्हीवर. चित्रपटाचं नाव ‘रावसाहेब’. दळवींचंच कथानक, तोच वाडा, तीच मावशी, आणि भूमिकेत पुन्हा विजयाबाईच. या खेपेला मात्र चेहरा दिसत होता. इतका जवळून, की डोळ्यांत पाणी येण्याआधी ते कुठं अडलंय हेही कळावं. बाल्कनीतून पाहिलेली बाई आणि ही बाई एकच होती, आणि तरीही तिनं काहीतरी मुळापासून बदललं होतं. ते काय, याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

विजयाबाईंचा जन्म 1934 सालचा, बडोद्याचा. माहेरचं नाव विजया जयवंत. नाटकाचं शिक्षण त्यांनी मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदि मर्झबान या नाट्यदिग्दर्शकांकडे घेतलं. अल्काझींची शिस्त ऐकून माहीत असलेल्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. विजय तेंडुलकरांच्या ‘श्रीमंत’पासून त्यांचं नाव जाणकारांच्या तोंडी होतं. 1960 साली ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी सोबत. चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ रंगायनचंच. आज जिला आपण प्रायोगिक रंगभूमी म्हणतो, तिचा मुंबईतला पाया या मंडळींनी घातला.

इथं एक नातं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. विजयाबाईंचं पहिलं लग्न झालं हरिन खोटे यांच्याशी. म्हणजे सासूबाई कोण, तर दुर्गाबाई खोटे! बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात, चांगल्या घरच्या मुलीनं पडद्यावर येणं म्हणजे काय हे सोसून, नंतर स्वतः चित्रपटनिर्मितीत उतरलेली बाई. ‘भाऊबंदकी’तल्या आनंदीबाईच्या भूमिकेनं रंगभूमीही गाजवलेली. हरिन खोटे अकाली गेले. पुढं विजयाबाईंनी फरोख मेहतांशी लग्न केलं. एका घरात त्यांनी नट्यांची आणि चित्रपटाची पिढी पाहिली, दुसऱ्या घरात पारशी जगणं पाहिलं. हे दुसरं घर ध्यानात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

सत्तरच्या दशकात विजयाबाई व्यावसायिक रंगभूमीवर आल्या आणि मग एकामागून एक नाटकं आली. 1973 सालचं ‘संध्याछाया’ घ्या. मुलं दूर गेलेल्या म्हाताऱ्या नाना-नानींचं नाटक. त्यातली नानी विजयाबाईंनी केली तेव्हा त्यांचं स्वतःचं वय चाळिशीलाही पोचलं नव्हतं. त्याच सुमारास जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासोबत जर्मन नाटककार ब्रेख्तचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’. मग ‘हमीदाबाईची कोठी’, ‘बॅरिस्टर’, ‘महासागर’, ‘पुरुष’, ‘वाडा चिरेबंदी’. विक्रम गोखले, नाना पाटेकर, नीना कुळकर्णी, भारती आचरेकर, सुहास जोशी ही सगळी नावं या नाटकांतून गेलेली आहेत. नुसती यादी वाचली तरी ऊर भरून येतो.

आता माझा एक छोटा अनुभव सांगते, कारण त्याशिवाय मुद्दा नीट पोचायचा नाही. मी हौशी नाटकं केली, राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत गेले. एकदा एका मालिकेत दोन दृश्यांची भूमिका मिळाली. दृश्य साधं होतं. दार उघडायचं, समोर मुलगा दिसतो, म्हणायचं, “आलास?” मी दार उघडलं आणि नाटकात म्हणतात तसं म्हटलं, “आलास?” कॅमेऱ्यामागचे गृहस्थ हात वर करून म्हणाले, “ताई, कॅमेरा इथं चार हातांवर आहे.” दुसऱ्यांदा हळू म्हटलं, तर भुवया वर गेल्या. तिसऱ्यांदा भुवया आवरल्या, तर मान पुढं आली. वीस वर्षं मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून जे अंगात मुरवलं होतं, ते एकेक करून खाली ठेवावं लागत होतं. सातव्या टेकला ते बरं झालं म्हणाले. घरी येताना लोकलमध्ये मी रडले. अपमान झाला म्हणून नाही. माझ्याच शरीरावर माझा ताबा नाही असं वाटलं म्हणून.

त्यामुळं रंगभूमीवरची बाई चित्रपटाकडे वळते तेव्हा काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. विजयाबाईंनी तर हे नटी म्हणूनच नव्हे, दिग्दर्शक म्हणूनही पेललं. नाटकाच्या तालमीत महिनाभर तुम्ही पहिल्या अंकापासून तिसऱ्या अंकापर्यंत चढत जाता. रोज थोडं थोडं. चित्रपटात शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी घेतात, कारण वाडा त्या दिवशी मिळालेला असतो. नटाच्या मनातली चढण मग दिग्दर्शकानं स्वतःच्या डोक्यात धरून ठेवायची. आणि त्यात ती बाई स्वतः कॅमेऱ्यासमोरही उभी असेल तर? भूमिकेत असताना स्वतःला बाहेरून कोण पाहणार?

या उडीआधी त्या दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. श्याम बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये, आणि 1984 साली गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’मध्ये. ‘पार्टी’ महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा. त्यात त्या दमयंती राणे झाल्या, जिच्या घरी ती सगळी साहित्यिक-कलावंत मंडळी एका रात्री जमतात. घरधनीण म्हणून ती पाहुण्यांमधून फिरते, हसते, विचारपूस करते, आणि आतून ओसाड आहे. हे ओसाडपण पोचवायला तिच्याकडे मोठं भाषण नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनसाठी त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चित्रपट केला होता, सुहास जोशींना लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत घेऊन. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता त्यांना आठवत असेल.

मग 1986 सालचा, त्यांनीच दिग्दर्शित केलेला ‘रावसाहेब’. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, अनुपम खेर. वाड्यात राहणारी तरुण मुलगी, तन्वी आझमी, जी विधवा होते. आणि मावशी. या माणसाला सुधारणा पटते, तो तिच्या बाजूनं तळमळून बोलतो. पण बोलणं संपून पाऊल उचलायची वेळ येते तेव्हा त्याचे पाय परंपरेतच रुतलेले असतात. उलट मावशी, जिचं स्वतःचं केशवपन झालेलं, जी सोवळ्या-ओवळ्यात वाढली, ती त्या मुलीसाठी त्याच्यापेक्षा पुढं जायला तयार होते. दळवींच्या गोष्टीतला हा पेच मला आजही स्वस्थ बसू देत नाही. शिकलेला माणूस अडतो, आणि जिला कुणी काही शिकवलं नाही ती बाई उंबरा ओलांडते.

नाटकात हा पेच आपल्याला संवादांतून कळत होता. चित्रपटात तो मावशीच्या गप्प बसण्यातून कळतो. विजयाबाईंनी मावशीला लहान केलं नाही, फक्त तिच्यातला मोठा आवाज काढून घेतला. बाल्कनीतल्या मुलीसाठी जे सगळं अंगाबाहेर आणलं होतं, ते परत अंगात नेलं. मला सातव्या टेकला जेमतेम जमलं ते त्यांनी दोन तास धरून ठेवलं आहे, आणि तेही चित्रपटाची सगळी सूत्रं स्वतःच्या हातात असताना. त्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तरी एक मत प्रामाणिकपणे मांडते. ‘रावसाहेब’मध्ये नाटकाची हाडं जाणवतात. वाड्यात कोण कुठून येणार, कुठं उभं राहणार, याला तालमीचा वास आहे. मला तो आवडतो, पण तो आहे. पूर्ण मोकळ्या झालेल्या विजयाबाई मला दिसल्या त्या 1988च्या ‘पेस्तनजी’मध्ये. बी. के. करंजियांची कथा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती. इथं पाठीशी गाजलेलं नाटक नाही, आणि स्वतःची भूमिकाही नाही, फक्त दिग्दर्शन. आणि आता ते दुसरं घर आठवा, मेहतांचं.

दोन जिवलग पारशी मित्र. फिरोज म्हणजे नसीरुद्दीन शाह, पेस्तनजी म्हणजे अनुपम खेर. दोघांनाही एकच मुलगी आवडते, जेरू, म्हणजे शबाना आझमी. फिरोज ठरवता ठरवता उशीर करतो आणि पेस्तनजी तिच्याशी लग्न करून मोकळा होतो. फिरोज मनातल्या मनात त्या दोघांचा सुखी संसार रंगवत दूरगावी एकटा राहतो. परत येऊन पाहतो तर जेरू कुरकुरी झालेली, आणि मित्राचं मन दुसऱ्या बाईकडे. कल्पनेतला संसार आणि समोरचा संसार यांच्यामध्ये उभा राहिलेला तो एकटा माणूस. नसीरुद्दीन त्यात फार थोडं ‘करतात’. हिंदी चित्रपटात पारशी माणूस म्हटला की त्याच्या बोलण्याची नक्कल करून हशा घ्यायचा, ही रीत होती. इथं त्या माणसांना घर आहे, जुनं फर्निचर आहे, संकोच आहे, एकटेपण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे सापडत नाही. त्या घरात जेवलेल्या, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललेल्या बाईला ते दिसतं. ‘पेस्तनजी’ला सर्वोत्तम हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

छोट्या पडद्यासाठी त्यांनी ‘लाईफलाईन’ ही रुग्णालयावरची मालिका केली. ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ हिंदीत आणून टेलिफिल्म केल्या. 1993पासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेची धुरा त्यांच्याकडे आली आणि मग बराचसा वेळ संस्था, कार्यशाळा आणि नव्या मुलांना शिकवण्यात गेला. मोठ्या पडद्यासाठी ‘पेस्तनजी’नंतर त्यांनी चित्रपट दिग्दर्शित केला नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. नाटकाला त्यांनी दिलं ते अफाट आहे, त्याबद्दल कुणाशी वाद नाही. पण ‘पेस्तनजी’ जिथं थांबतो तिथून पुढं ती नजर आणखी कुठं गेली असती, हे मला पाहायचं होतं.

‘झिम्मा’ हे त्यांचं आत्मकथन 2012 साली आलं. तालमीच्या खोलीचं इतकं नेमकं वर्णन मी मराठीत फारसं वाचलेलं नाही. नाटक करणाऱ्या मुलामुलींनी ते जवळ ठेवावं.

परवा मी ‘रावसाहेब’ पुन्हा लावला. या खेपेला एक केलं. इतर पात्रं बोलत असताना त्यांच्याकडे न बघता फक्त मावशीकडे बघत राहिले. रावसाहेब सुधारणेवर बोलतोय आणि ती ऐकतेय. तिचं काम फक्त ऐकण्याचं. हात मांडीवर, पदर डोईवर, नजर त्याच्यावरून कधी जमिनीवर, कधी त्या मुलीवर. तिथं मला शिवाजी मंदिरातली बाल्कनी आठवली, आणि तेव्हा न दिसलेला चेहरा दिसला.

तुम्हाला हा चित्रपट कधी पाहायला मिळाला, तर मावशीच्या तोंडी वाक्य नसेल तेव्हा तिच्याकडे बघा.

नमस्कार.