केस कापायची गरज नव्हती

श्रोतेहो, नमस्कार. किडनीचा कॅन्सर मेंदूत पोचला, तर रेडिओसर्जरी नावाचा उपचार करता येतो. आज त्याबद्दल बोलायचंय, पण सुरुवात करतो एका घड्याळजींपासून.

साठी ओलांडलेले गृहस्थ. सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. एक दिवस उजव्या हातातला चिमटा सुटला. उचलला, पुन्हा सुटला. वय झालं, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. आठवड्याभरात शर्टाचं बटण लागेना, तेव्हा मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला दीड सेंटिमीटरची गाठ दिसली, भोवती सूज. मी विचारलं, "पूर्वी काही मोठं आजारपण?" म्हणाले, "छे, काही नाही." मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची किडनी काढली होती ना?" त्याला नऊ वर्षं झाली होती. "ते तर बरं झालं की," ते म्हणाले.

श्रोतेहो, हे नीट ऐका. किडनीचा कॅन्सर वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग डोकं वर काढतो. म्हणून जुन्या ऑपरेशनची फाइल रद्दीत घालू नका. नवा डॉक्टर विचारो न विचारो, किडनी काढल्याचं त्याला सांगा. दहा वर्षं झाली असली, तरी सांगा.

घड्याळजींच्या फुप्फुसातही ठिपके होते. तिथला तुकडा तपासला, तोच कॅन्सर निघाला. मी म्हणालो, "मेंदूतल्या गाठीची रेडिओसर्जरी करू," आणि घाईत पुढच्या पेशंटकडे वळलो. ठरलेल्या सकाळी ते आले, ते डोकं तुळतुळीत करून! सर्जरी म्हटल्यावर कवटी उघडणार, असंच त्यांनी धरलं होतं. रात्रभर झोप नव्हती. मुलीचे डोळे सुजलेले. त्या दोघांची ती रात्र माझ्या अर्धवट बोलण्यामुळे गेली, हे मला आजही टोचतं. तेव्हापासून मी पेशंटशी उभ्याउभ्या बोलत नाही. प्रत्येक डॉक्टरच्या टेबलापुढे पेशंटची खुर्ची असते, तशी नातेवाइकाचीही हवी, आणि डॉक्टरनंही बसूनच बोलावं, असं माझं ठाम मत आहे.

मग बसलो आणि सांगितलं. रेडिओसर्जरीत कापाकापी नाही. पुन्हा सांगतो, कापाकापी नाही. हा शब्द रूढ केला स्वीडनचे मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांनी, १९५१ मध्ये. त्यातूनच पुढे गॅमा नाइफ हे यंत्र आलं. नाव नाइफ, पण त्यात सुरी नसते. आजच्या यंत्रात किरण सोडणारे कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. एकेक किरण अगदी क्षीण, वाटेतल्या मेंदूला फारसा त्रास न देणारा. सगळे जिथे एकत्र येतात, तिथे मात्र जबर मारा होतो. ती जागा म्हणजे गाठ.

घड्याळजींनी विचारलं, "नेम किती चुकतो?" म्हटलं, "एक मिलिमीटरपेक्षा कमी." ते विचार करून म्हणाले, "घड्याळात मिलिमीटर फार मोठा असतो, डॉक्टर. पण चालेल."

कपाळावर आणि मागे मिळून चार ठिकाणी भूल देऊन फ्रेम बसवली. नेम हलू नये म्हणून ती लागते. काही ठिकाणी त्याऐवजी मुखवटा वापरतात. पूर्ण वेळ ते जागे होते आणि संध्याकाळी चालत घरी गेले.

आता थोडं शास्त्र. रोज थोडं थोडं रेडिएशन, ज्याला बरेच जण 'लाइट' म्हणतात, त्याला किडनीचा कॅन्सर फारसा दाद देत नाही. ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप. संपूर्ण मेंदूला साधारण ३० ग्रे देतात, पण १० दिवसांत वाटून. रेडिओसर्जरीत दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकाच बैठकीत २४ ग्रेपर्यंत देता येतात. त्या एका तडाख्यापुढे हा हट्टी कॅन्सरही बहुतेक वेळा नमतो, आणि उरलेला मेंदू, त्यातली स्मरणशक्ती, बरीच वाचते. गाठी अनेक असल्या म्हणून लगेच आशा सोडू नये. जपानमधल्या ११९४ पेशंटच्या अभ्यासात ५ ते १० गाठी असलेले, २ ते ४ गाठी असलेल्यांइतकेच जगले. गाठ मोठी असेल आणि मेंदू दाबत असेल, तर मात्र ऑपरेशनच लागू शकतं. या गाठींत रक्तवाहिन्या फार असतात, त्यामुळे त्यांत रक्तस्राव होऊ शकतो. अचानक डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या, फिट आली, तर वाट बघू नका. पुढे काही महिन्यांनी किरणांमुळे सूज येऊ शकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करावाच लागतो. बाकी शरीरातल्या कॅन्सरची औषधंही चालूच ठेवायची असतात.

तीन महिन्यांनी घड्याळजी आले. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. बटण लागत होतं, चिमटा अजून थरथरत होता. पण एमआरआयमध्ये दुसरीकडे पाच मिलिमीटरचा नवा ठिपका दिसला. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. मुलीनं वडिलांचा हात धरला. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता येऊ?"

त्या सकाळी ते वेळेआधीच हजर होते. डोक्यावर बोटभर पांढरे केस होते, नीट विंचरलेले.