जुडी किती माणसांत?

नमस्कार मंडळी. संघाच्या पत्रकात विषय छापलाय ‘डोळ्यांसाठी आहार’. म्हणजे काय खावं ते मी सांगणार आणि तुम्ही वहीत उतरवून घेणार, अशी तयारी दिसतेय. थोडं तेही सांगते. पण मला जास्त बोलायचंय ते त्याच्या आधीच्या कामाबद्दल. तुम्ही आज नेमकं काय खाता, हे आम्ही आहारतज्ज्ञ शोधतो कसं? ज्यांचा पडदा खराब झालाय, त्यांच्या बाबतीत हे काम फार नाजूक असतं.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. मॅक्युलाचं तसं नाही. डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मधोमध असलेला हा इवलासा भाग वयानुसार झिजतो, त्याला डॉक्टर एएमडी म्हणतात. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. माणूस घरात न धडपडता फिरतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, ‘दिसतं की त्यांना चांगलं!’

आता आहाराचं. मॅक्युलात पिवळसर रंगद्रव्य असतं. ते ल्युटीन आणि झियाझँथिनचं बनलेलं असतं आणि शरीर ते तयार करत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. पालक, मेथी, राजगिरा, चाकवत, मका, अंड्याचा बलक यांतून ते मिळतं. गाजर कुठे गेलं, असं कुणीतरी विचारणारच. गाजर खा, हरकत नाही. पण त्यातलं बीटा कॅरोटीन मॅक्युलात साठत नाही. अमेरिकेच्या ‘एरेड्स’ अभ्यासाचे निकाल २००१ साली आले. एएमडीच्या मध्यम टप्प्यातल्या रुग्णांना आणि ज्यांचा एक डोळा आधीच गेलाय अशांना ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त दिल्यावर, पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर बीटा कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन आलं, कारण सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. माशाच्या तेलाचा जादा फायदा काही दिसला नाही. आणि ज्यांना आजारच नाही, त्यांनी ‘होऊ नये म्हणून’ या गोळ्या घेण्यात अर्थ नाही. शेजारच्या काकांना दिल्या म्हणून आपणही आणायच्या, हे आपल्याकडे फार चालतं.

आता मूळ मुद्दा. पालेभाजी खायच्या आधी निवडावी लागते. जुडी सोडायची, पिवळी पानं काढायची, कीड बघायची, मातीची काडी वेगळी करायची. हे सगळं मधल्या नजरेचं काम आहे. ज्या बाईंचा मॅक्युला गेलाय, त्या स्वयंपाकघरातून सगळ्यात आधी कशातून अंग काढून घेतात? भाजी निवडण्यातून. एकट्या राहत असतील तर मेथी घरात यायचीच बंद होते. ‘हल्ली नको वाटते,’ म्हणतात. अळी दिसत नाही, हे कोण कबूल करणार? मासे खाणाऱ्यांचंही तेच. काटा दिसत नाही म्हणून बांगडा जातो, मग पापलेटही जातं. उरतं ते भात-वरण, चहा-खारी आणि डब्यातली बटाट्याची भाजी.

म्हणून आजचं ताट बघून ‘पालेभाजी खाल्ली नाही म्हणून डोळा गेला’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. उलटंही झालेलं असू शकतं, डोळा गेला म्हणून पालेभाजी गेली. मी विद्यार्थ्यांना सांगते, पहिला प्रश्न ‘काय खाता?’ हा नकोच. ‘घरात भाजी कोण निवडतं, आणि पूर्वी कोण निवडायचं?’ इथून सुरुवात करा.

विचारण्याच्या पद्धती दोन-तीन आहेत. कालच्या दिवसभरात काय खाल्लं ते आठवायला लावायचं. महिन्यातून कोणता पदार्थ किती वेळा, याची प्रश्नावली भरायची. नाहीतर रोज वहीत लिहायचं. वही इथेच बाद होते, अक्षर दिसत नाही तर लिहिणार काय? वाटीच्या फोटोंचं पुस्तक दाखवूनही उपयोग नाही. कालच्या एका दिवसाची आठवण ल्युटीनसाठी फसवी असते. काल मेथी झाली असेल तर आकडा छान, काल एकादशी असेल तर साबुदाणा. म्हणून पालेभाजीपुरती प्रश्नावलीच बरी, पण मोठ्याने वाचून आणि त्यांच्या वारांना धरून. ‘महिन्यातून किती वेळा?’ असं विचारलं की आजी गोंधळतात. ‘सोमवारी उपास, मग मंगळवारी काय करता? मंडईत कोणत्या वारी जाणं होतं?’ असं विचारलं की धडाधडा सांगतात. चातुर्मासाचं वेगळं विचारायचं, काही घरांत श्रावणात पालेभाजी वर्ज्य असते. थंडीतली मेथी ऐन मे महिन्यात विचारून कळत नाही.

एका घरातला संवाद सांगते. मी विचारलं, “आजी, काल दुपारी ताटात काय होतं?” आजी काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाल्या, “पालक होता, आई रोज वाटीभर खातात.” आजी गप्प. सूनबाई चहा टाकायला आत गेल्यावर आजी हळूच म्हणाल्या, “वाढते गं ती. पण कडेला काय आहे ते मला कळत नाही, भातच संपवते.” स्टीलचं ताट, वर ट्यूबलाइटची चकाकी, पालक आणि आमटी शेजारी शेजारी. कोणीच खोटं बोलत नव्हतं. वाढलेलं आणि पोटात गेलेलं, दोन्ही वेगळं लिहायचं. त्या दिवशी मी एवढंच सुचवलं, की भाजीची वाटी रोज ताटात एकाच जागी ठेवा आणि वाढताना ‘उजवीकडे पालक’ असं तोंडाने सांगा.

मोजमापाचंही तसंच. वाटीभर म्हणजे किती? प्रत्येक घरची वाटी वेगळी. मी मापाचा कप नेते, त्यांच्याच वाटीत पाणी ओतून बघते, हाताला ओळखीची वाटी असली की अंदाज नीट येतो. पण अळूच्या फदफद्यात पान किती, डाळीचं पीठ किती? तिथे वाटी सोडून द्यायची आणि विचारायचं, ‘जुडी किती माणसांत?’ निवडलेली पानं एकदा घरच्या काट्यावर ठेवायची, पुढचा हिशेब सोपा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ भारतीय पदार्थ आहेत, ल्युटीनही आहे. फोडणीत तेल किती, तेही लिहून घ्यायचं. ल्युटीन स्निग्धात विरघळतं, बिनतेलाच्या उकडलेल्या पालकातून ते अंगी कमी लागतं. वजनाच्या धसक्याने तेल तोडलेल्यांनी हे ऐकावं.

अंगात स्नायू किती उरलेत त्याचा अंदाज यावा म्हणून पोटरीला टेपही लावते. घेर ३१ सेंटिमीटरच्या आत आला, की ल्युटीन बाजूला ठेवून आधी एकूण जेवण आणि प्रथिनं बघायची. आणि गोळ्यांचा डबा समोर ओतायला लावते. जस्त दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून जात असतं आणि कोणाच्या गावी नसतं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, पालेभाजी बंद करू का?’ वॉर्फरिनसारखी गोळी असेल तर प्रश्न रास्त आहे, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व तिच्या उलट काम करतं. पण बंद करू नका. दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. एका आठवड्यात चार जुड्या आणि पुढे शून्य, असं नको. वाढवायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, बघून ते डोस ठरवतील. नव्या गोळ्यांपैकी अपिक्सबान, रिव्हारोक्सबान यांना ही अडचण नाही. गोळीचं नाव वाचता येत नसेल तर पाकीट घेऊन खाली या, मी वाचून देते.