रिकामी निघणारी गाडी

मित्रहो, स्वतःची गाडी सोडून बसनं का जावं, हा आजचा विषय. धूर कमी होतो, इंधन वाचतं, हे शाळकरी मुलंही निबंधात लिहितात. मला बोलायचंय ते गर्दीबद्दल. पण आधी पास्कलची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ब्लेझ पास्कल आपल्याला भेटतो द्रवाच्या दाबाच्या धड्यात. (हवामानाच्या बातम्यांतला ‘हेक्टोपास्कल’ त्याच्याच नावाचा.) संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्या या माणसानं आयुष्याच्या शेवटच्या वर्षी काय केलं असेल? पॅरिसमध्ये बससेवा काढली! १८ मार्च १६६२ रोजी पहिला मार्ग सुरू झाला. आठ जणांची घोडागाडी, ठरलेला रस्ता, ठरलेलं भाडं. तोवर भाड्यानं जायचं तर अख्खी गाडी करावी लागे. इथे फक्त आपल्या जागेचे पैसे द्यायचे. आणि माझा सर्वांत लाडका नियम: वेळ झाली की गाडी निघणारच, आत एकही माणूस नसला तरी.

भरल्याशिवाय न हलणाऱ्या गाडीत कोण कोण बसलंय? वा, जवळजवळ सगळेच हात वर! माझी नोकरीची पहिली मुलाखत अशाच गाडीनं हुकवली. दोन जागा रिकाम्या होत्या. चालक दाराशी उभा राहून हाका मारत होता आणि आम्ही आत घड्याळाकडे बघत होतो. पोचलो तेव्हा मंडळी उठून गेली होती. म्हणून ‘रिकामी असली तरी निघेल’ हे शब्द वाचताना मला भरून येतं. प्रवाशाला दिलेलं ते वचन आहे.

पॅरिसमध्ये लोकांची इतकी झुंबड उडाली की भरलेल्या गाड्या समोरून निघून जायच्या. पास्कलच्या बहिणीलाच जागा मिळाली नाही, तसं तिनं पत्रात लिहून ठेवलंय. पण तिथल्या न्यायालयानं प्रतिष्ठितांची सोय व्हावी म्हणून शिपाई, हुजरे, मजूर यांना त्या गाड्यांत बसायला मनाई केली होती. ऑगस्टमध्ये पास्कल वारला. सेवा पुढे दोन दशकंही टिकली नाही. मला त्या बंदीचा आजही राग येतो. ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही, त्यांनाच वगळलं. शिवाय ते हिशेबालाही धरून नव्हतं.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं उरलीत, तेव्हा हिशेब भराभर सांगतो.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोरिंग यांनी १९७२ साली तो मांडला. तुम्ही गर्दीच्या रस्त्यावर गाडी आणली की मागच्या प्रत्येकाला उशीर होतो. बसचं उलटं आहे. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की थांब्यावरचं ताटकळणं कमी होतं. बस अर्ध्या तासानं असेल तर वेळापत्रक न बघता आलेला माणूस सरासरी १५ मिनिटं उभा राहतो. दहा मिनिटांनी असेल तर ५. म्हणजे तुमच्याबरोबर चढणारा अनोळखी माणूस तुमचाच वेळ वाचवतो! अर्थात फेऱ्या आपोआप वाढत नाहीत, कोणीतरी त्या वाढवाव्या लागतात. आणि प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कापल्या, तर उरलेलेही गाडी घेतात.

ज्यांना गाडी सोडायचीच नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. डाउन्स आणि थॉमसन या दोन अभ्यासकांचं म्हणणं असं की, गर्दीच्या वेळी मोटारींचा वेग शेवटी बस-रेल्वे किती लवकर पोचवते यावर ठरतो. ती वेगवान झाली की काही जण मोटार सोडून तिकडे वळतात आणि रस्ता मोकळा होतो. म्हणून बसला राखीव मार्गिका दिली तर मोटारवाल्यानं चिडू नये. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं ती १९७४ मध्येच दिली. त्याचा नकाशा मी आणलाय, तो टेबलावर ठेवतो. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा, ताई.