वरची गल्ली विरुद्ध खालची गल्ली

नमस्कार श्रोतेहो.

दोन गल्ल्यांचा फुटबॉल सामना परवावर आला, की गावात दुसरा विषय उरत नाही. टपरीवर दर चहागणिक संघ बदलतो आणि समोरच्या गोलीचा गुडघा दुखतोय म्हणे, ही बातमी अख्ख्या गावात फिरते. ही हुरहूर हवीच. फक्त तिला कामाला लावा, कारण आपल्याकडे चुरशीचा सामना हमखास बिघडतो तो मैदानामुळे.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते. दिवाळीनंतर मैदानाला भेगा पडतात त्या याच कारणानं. बुटाचा खिळा भेगेत अडकला की घोटा मुरगळतो, आणि चेंडू काठावर आपटून भलतीकडेच उडतो. भेगा मुरमानं बुजवू नका. त्यातले खडे वर येतात आणि पडणाऱ्याची कातडी सोलतात. मैदानाचीच माती चाळून भेगेत सोडा, काठीनं ठासा, वरून हलकं पाणी मारा, ती खाली बसली की पुन्हा भरा. दोन्ही गोलांच्या तोंडापासून सुरुवात करा. तिथंच सगळ्यात जास्त झटापट होते. मैदानाला पाणी आजच, म्हणजे दोन दिवस आधी द्या आणि वाफसा आला की रोलर फिरवा. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा आणि तो खाली सोडला की फुटावा. त्याआधी रोलर फिरवलात तर माती त्यालाच चिकटून निघते आणि मैदानाला खड्डे पडतात. सामन्याच्या सकाळी मात्र पाण्याचा थेंबही नको, वरचा थर निसरडा होतो.

रेषा त्याच सकाळी आखा. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ मीटरवर, दुसऱ्या बाजूला ४ मीटरवर खूण करा. दोन खुणांमधली दोरी बरोबर ५ मीटर भरली, तर कोपरा काटकोनात आहे. गोल आतून मोजून ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. रेषांना चुना नको, डोळ्यांत गेला तर इजा होते. खडूची पूड किंवा पांढरी रांगोळी चालते. सुटे गोल असतील तर मागून खुंट्या ठोकून बांधा. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि गोल अंगावर येतो.

चेंडूत हवा भरताना सुई ओली करून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

आता टपरीवरच्या बोलण्याबद्दल. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्यात फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले, तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त लोक होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी सामन्याआधी ईस्ट बंगालच्या भायचुंग भुतियाची थट्टा केली होती. भायचुंगनं तीन गोल मारले आणि ईस्ट बंगालनं ४-१ नं सामना जिंकला. तेव्हा समोरच्या गोलीच्या गुडघ्याचा विषय आपल्याच कट्ट्यावर राहू द्या.

याच दोन संघांच्या सामन्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला. म्हणून दोन्ही गल्ल्यांना मैदानाच्या समोरासमोरच्या बाजू द्या, यायची-जायची वाट वेगळी ठेवा आणि रेषेपासून तीन मीटर मागं दोरी बांधा. हलगी जोरात वाजवा, पण शिट्टी कुणीही आणू नये. रेफरीची समजून खेळाडू थांबतात आणि तिथून भांडण पेटतं.

वेळेचंही बघा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळतो. ४५ मिनिटांचे दोन डाव आणि १५ मिनिटांची विश्रांती धरली, तर चारला सुरू केलेला सामना उजेडात जेमतेम संपतो; बरोबरी झाली तर पेनल्टी अंधारात माराव्या लागतील. तीनलाच सुरू करा. मैदान पूर्व-पश्चिम असेल, तर कप्तानाला आजच सांगून ठेवा: नाणेफेक जिंकलास तर पहिल्या डावात पश्चिमेच्या गोलावर चाल घे. दुसऱ्या डावात बाजू बदलतात, आणि उतरतं ऊन त्यांच्या गोलीच्या डोळ्यांत जातं.